गंजलेला बोल्ट घाईने सुटत नाही



आम्ही चौघी. बाजारात पिठाच्या गिरणीशेजारी स्कूटर-मोपेड दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्या आम्ही. आमच्यापैकी कुणी ना कुणी तुमच्या गाडीचा ब्रेक आवळून दिलेला असेलच. गेल्या महिन्यात आमच्या दुकानासमोर आठवडाभर एक वेगळंच काम चाललं होतं. जाता-येता प्रत्येक जण विचारत होतं, "काय गो, आता चारचाकी पण?" त्या सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून आज रेडिओवर आलो आहोत. उत्तरासोबत थोडं शिकवूही, कारण जे आम्ही त्या गाडीवर शिकलो ते तुमच्या घरातल्या शिलाई मशीनला, विहिरीवरच्या पंपाला आणि गेटच्या बिजागरीलाही लागू आहे.

गाडी होती स्टँडर्ड हेरल्ड. आमच्यातल्या दोघींना शाळेत शिकवलेल्या बाई आहेत, त्यांच्या घरची. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. गाडी त्यांचीच. ते गेल्यावर माडाच्या झावळ्यांच्या मांडवात उभी राहिली ती राहिलीच. मांडव दोनदा पडला, दोनदा बांधला. गाडीवर धूळ, आत कोंबड्या. मुलगा पुण्याला. त्याने फोनवर सांगितलं, आई, ती भंगारात देऊन टाक, जागा मोकळी होईल. भंगारवाल्याने किलोच्या भावाने किंमत सांगितली आणि बारा दिवसांनी टेम्पो घेऊन येतो म्हणाला.

बाई दुकानात आल्या, बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "गे पोरींनो, माका गाडी चलवूची नाय. फक्त तिचो आवाज एकदा ऐकूचो आसा. मगे तो नेंवदे."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आम्हाला स्कूटर येते. हेरल्ड आमच्यापैकी एकीनेही उघडली नव्हती. पण बाईंना नाही कसं म्हणणार?

आधी या गाडीबद्दल दोन शब्द. हेरल्ड ही मूळची इंग्लंडमधली ट्रायम्फ कंपनीची गाडी. 1959 साली बाजारात आली. तिचा आकार जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने काढला. आपल्याकडे 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती बनवायला घेतली. आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत फियाट आणि अँबॅसेडर यांच्या शेजारी ही तिसरी गाडी असतेच. बहुतेक गाड्यांची बॉडी एकसंध पत्र्याची असते आणि गाडीचं बळ त्या पत्र्यातच असतं. हेरल्डचं तसं नाही. तिला खाली वेगळी चेसिस आहे, आणि वरचे भाग त्या चेसिसवर बोल्टांनी बसवलेले आहेत. अगदी छप्परसुद्धा! म्हणून तिचं छप्पर सोडवून काढता येतं, आणि ट्रायम्फने उघड्या टपाची हेरल्ड वेगळी विकलीही. बाईंच्या यजमानांनी तेच केलं होतं. मुंबईत नोकरीला असताना एका गॅरेजात छप्पर काढून वर ताडपत्रीचं हूड बसवून घेतलं. गावात या गाडीला 'बिनटोपीची गाडी' म्हणायचे, ते आमच्यापैकी थोरल्या दोघींना आठवतं.

तेच हूड पुढे शत्रू झालं. ताडपत्री फाटली, पाऊस आत गेला. आमचं गाव समुद्रापासून दीड कोसावर. वाऱ्यात मीठ असतंच. मीठ आणि ओल एकत्र आली की लोखंड किती पटकन खातं, ते आपण आपल्या खिडक्यांच्या गजांवर बघतोच.

पहिल्या दिवशी आम्ही पाना हातातच घेतला नाही. काठीने गाडीखाली, सीटखाली, चाकांच्या आत ढोसून बघितलं. कोकणात फुरसं अशाच जागी बसतं. मग चाकांना पुढून-मागून दगड लावले. बॅटरी कधीच मेलेली होती, तरी तिच्या तारा काढल्या. पेट्रोलच्या टाकीत घाण वासाचं चिकट पाणी उरलं होतं, ते डब्यात काढून लांब नेऊन ठेवलं. वाळूची बादली जवळ आणली. ही तयारी कंटाळवाणी वाटते, पण बिघडलेल्या यंत्राजवळ जाताना पहिला प्रश्न 'कसं सोडवू' हा नसावा. 'मला काय इजा होऊ शकते' हा असावा.

आता इंजिनापर्यंत पोचायचं. हेरल्डचं बोनेट आजच्या गाड्यांसारखं नाही. पुढची दोन्ही मडगार्डं, दिवे आणि बोनेट हा सगळा एकच तुकडा आहे, आणि तो पुढच्या बाजूला बिजागरीवर अख्खा पुढे झुकतो. दरवाजांच्या पुढे दोन्ही बाजूंना एकेक कडी असते. दोन्ही कड्या सोडल्या की गाडीचं तोंडच उघडतं. मग इंजिन, कार्ब्युरेटर, स्टिअरिंग, पुढची चाकं, सगळं तीन बाजूंनी मोकळं. पुढच्या चाकावर बसून काम करता येतं, अगदी आपण पाटावर बसून भाजी चिरतो तसं. आजच्या गाड्यांत बोट घालायला जागा नसते. ही गाडी दुरुस्त करणाऱ्याचा विचार करून बनवली आहे.

पण आमच्या गाडीच्या दोन्ही कड्या जाम. बाईंचा पुतण्या बघायला आला होता, तो म्हणाला, पहार घाला. पहार घातली असती तर कडी सुटली असती, पण पत्रा फाटला असता आणि तसा पत्रा आता कुठे मिळणार? आम्ही डिझेलमध्ये शिलाई मशीनचं पातळ तेल मिसळलं, इंजेक्शनच्या सिरिंजने कडीच्या सांध्यात थेंब थेंब सोडलं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थेंब, लाकडाचा तुकडा ठेवून वर हातोडीने हलके ठोके. संध्याकाळी पुन्हा. तिसऱ्या दिवशी डावी कडी सुटली, तासाभराने उजवी.

तेव्हा एक गोष्ट घडली. बाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. तीस वर्षं त्या या गाडीत शेजारच्या सीटवर बसल्या. पण तिचं तोंड असं उघडतं हे त्यांना माहीत नव्हतं. यजमान म्हणायचे, "तू हात लावू नकोस, तेल लागेल." आम्ही त्यांना उठवलं. एका बाजूला बाई, एका बाजूला आमच्यातली एक, आणि दोघींनी मिळून ते उचललं. बिजागरी गंजलेली असेल तर एकाच बाजूने उचलू नये, बोनेट पिळवटतं. वर गेल्यावर आधाराची दांडी लावली, आणि त्या गंजलेल्या दांडीवर भरवसा नको म्हणून दोरीही बांधली. आत बघून बाई म्हणाल्या, "एवढंसंच?" चार सिलेंडरचं छोटं इंजिन, आपल्या देवघराएवढं.

आता आमची चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे भाषण खरं होणार नाही.

आमच्याकडचे सगळे पाने मिलिमीटरचे. स्कूटरला तेच लागतात. आम्ही एका बोल्टावर तेरा नंबरचा पाना लावला. बसला. थोडा ढिला वाटला, पण बसला. जोर दिला आणि पाना सटकला. बोल्टाचं डोकं गोल झालं आणि आमच्यातल्या एकीच्या हाताची सालं निघाली. दुसऱ्या बोल्टाचंही तसंच. तिसऱ्याला मात्र आम्ही थांबलो.

कारण साधं होतं. ही इंग्रजी बनावटीची जुनी गाडी, तिचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. तेराचा पाना त्यावर बसतो खरा, पण 0.3 मिलिमीटर मोकळा राहतो. नवीन बोल्ट असता तर चाललं असतं. गंजाने आधीच झिजलेल्या डोक्याला तेवढी मोकळीक पुरते. इंचाच्या सात-सोळांश मापाला आपला अकरा नंबर बसतच नाही, कारण ते 11.11 मिलिमीटर होतं. म्हणजे आमच्या हातात ताकद होती, माप नव्हतं. बंदरावर जुन्या बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे एक म्हातारे फिटर आहेत. त्यांच्याकडे इंची पान्यांची पेटी निघाली. त्यांनी ती दिली आणि वर विचारलं, "गोटी सहा कोनी घेतलीत की बारा?" आम्हाला फरक माहीत नव्हता. बारा कोनी गोटी फक्त कोपरे पकडते. सहा कोनी गोटी नटाच्या सपाट बाजूंवर दाब देते, म्हणून गंजलेल्या नटाला सहा कोनीच लावायची.

आता मुख्य गोष्ट, जाम बोल्ट सोडवायची रीत. कागद-पेन्सिल घ्या.

आधी हे समजून घ्या की तो जाम का होतो. लोखंड गंजलं की तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांच्या फटीत ती जागा नसते. म्हणून गंज तिथे पाचरीसारखा ठासून बसतो. आपल्याला बोल्ट फिरवायच्या आधी ती पाचर मोडायची असते.

म्हणून पहिलं काम, साफसफाई. तारेच्या ब्रशने बाहेर दिसणारे आटे घासून काढायचे. ते घाण राहिले तर सुटलेला नटही अर्ध्यावर पुन्हा अडकतो. डोळ्यांना चष्मा लावायचा, ब्रशची तार उडते.

दुसरं, पातळ तेल. बाजारात गंज सोडवायचा फवारा मिळतो, तो चांगला. नसेल तर डिझेल आणि पातळ तेल. ग्रीस नको, खोबरेल नको, ती आत शिरत नाहीत. पातळ तेल बारीक फटीत आपोआप ओढलं जातं, दिव्याची वात तेल ओढते तसं. पण त्याला वेळ लागतो. रात्रभर तरी द्या. दोन-तीन रात्री दिल्या तर आणखी बरं.

तिसरं, ठोके. पाना लावायच्या आधी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने सरळ, नेमके, मध्यम ठोके द्यायचे. त्या हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तडे गेले की तेल आत जातं. आट्यांच्या टोकावर मात्र ठोकू नका, आटे दबतात.

चौथं, उलट चाल. आधी सोडवू नका. आधी किंचित आवळा. केसभर हलला तरी गंजाची पकड मोडते. मग सोडवा. पाव फेरा सुटला की पुन्हा आठवा भाग आवळा, तेल घाला, पुन्हा सोडवा. पुढे-मागे, पुढे-मागे. एका दमात काढायला गेलात की आतला गंज गोळा होऊन आटे खातो.

पाचवं, जोर कसा द्यायचा. पाना आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही. ढकलताना सटकला तर बोटं समोरच्या लोखंडावर आदळतात. आणि पान्याला लांब पाईप लावायचा मोह टाळा. चाकाच्या मोठ्या नटाला पाईप चालतो, आणि तोही गाडी जॅकवर चढवायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच. लहान बोल्टाला पाईप लावलात तर तो सुटत नाही, तुटतो.

सहावं, ऊब. नट गरम केला की फुगतो आणि पकड सैल होते. पण इथे नियम पक्का. आधी तेल मारलं असेल तर ते पूर्ण पुसून, पेट्रोल लांब नेऊन, रबर आणि वायर बाजूला करून, मगच. आम्ही इंजिनावर आच वापरलीच नाही.

या रीतीने आम्ही रोज सात-आठ बोल्ट सोडवले. गोल झालेल्या दोन डोक्यांना कानशीने घासून पुन्हा सपाट बाजू पाडल्या, लहान मापाची गोटी ठोकून बसवली, आणि तेही निघाले. निघालेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर, जिथला तिथे भोक पाडून खोचला. पुठ्ठ्यावर बाईंनी आपल्या शाळेच्या अक्षरात नावं लिहिली.

मग इंजिन. इतकी वर्षं थांबलेल्या इंजिनाला एकदम स्टार्टर देऊ नये. आत दट्ट्या सिलेंडरला चिकटलेला असू शकतो. आम्ही चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात दोन चमचे पातळ तेल सोडलं आणि दोन दिवस थांबलो. मधल्या वेळात चाकं मोकळी केली. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असतो, तो छातीत जाता कामा नये. मग हवा भरली, गाडी चौथ्या गिअरला टाकली आणि आम्ही तिला पुढे-मागे हलक्या हाताने झुलवलं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी आतून 'चक्' असा आवाज आला आणि पंख्याची पाती बोटभर फिरली. पुढे-मागे, पुढे-मागे. बोल्टाचाच नियम.

नवव्या दिवशी बोल्ट तुटला. इंजिनाच्या पाण्याचं तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटच्या झाकणाचा. तिथे पाणी सतत लागतं, त्यामुळे असे बोल्ट फार गंजतात. तेल एकच रात्र दिलं होतं, कारण आता तीनच दिवस उरले होते. आमची घाई झाली. डोकं हातात आलं आणि दांडा आत राहिला. त्या दिवशी आम्ही कुणीच जेवलो नाही. बाईंना सांगायला आमच्यातली धाकटी गेली. बाई म्हणाल्या, "वर्गात पाटी फुटायचीच. रडणाऱ्याला मी दुसरी देत असे, लपवणाऱ्याला नाही."

आम्ही तो भाग इंजिनावरून काढून गेट बनवणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडे नेला. त्याने तुटलेल्या दांड्याच्या टोकावर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग करून दोन्ही जोडले. दांड्याला डोकं मिळालं, आणि वेल्डिंगच्या आचेने आतली पकडही मोडली. पहिल्यांदा वेल्ड सुटलं. दुसऱ्यांदा पकडलं. गार होऊ दिलं आणि पान्याने पुढे-मागे करत बाहेर काढलं. आटे शाबूत होते. परत बसवताना प्रत्येक बोल्टाच्या आट्यांना ग्रीस लावलं, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला एवढं झगडावं लागणार नाही.

अकराव्या दिवशी तेल बदललं, कार्ब्युरेटर धुतला, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, पाणी भरलं. बॅटरी दुकानातली. जुन्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असू शकतं, म्हणून जोडण्याआधी ते तपासलं. पेट्रोल टाकीत नाही, एका बाटलीतून नळीने. वाळूची बादली बाजूला. किल्ली बाईंच्या हातात दिली.

दोनदा नुसता घरघराट. तिसऱ्यांदा एक फटका, पांढरा धूर, कोंबड्या पळाल्या. चौथ्यांदा ती चालू झाली. वाकडीतिकडी, खोकत, पण चालू. पाच-सहा मिनिटं चालली असेल. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. मग स्वतःच किल्ली फिरवून बंद केली. आम्हाला म्हणाल्या, "आता माका कळला, तो रविवारी तासन् तास हयसर काय करी होतो."

बाराव्या दिवशी टेम्पो आला आणि रिकामा गेला. गाडी अजून रस्त्यावर येण्यासारखी नाही. चेसिसला दोन ठिकाणी गंजाने भोकं आहेत, ब्रेक नवे हवेत, कागदपत्रांचं पुढे बघायचं आहे. पुण्याहून मुलगा येऊन गेला. तो काही बोलला नाही, पण मांडवावर नवा पत्रा घालून गेला. बाई आता दर शनिवारी बोनेट उघडतात, तेल बघतात, कड्यांना थेंबभर तेल सोडतात. स्वतः.

मैत्रिणींनो, ही रीत घरी वापरा. पंपाचा नट, शिलाई मशीनचा स्क्रू, सायकलचं पेडल, गेटची बिजागरी. योग्य माप, पातळ तेल, एक रात्र, हलके ठोके, मग पुढे-मागे. फक्त स्वयंपाकाच्या गॅसच्या जोडणीला हात लावू नका. तिथे एजन्सीच्या माणसालाच बोलवा.

आणि तुमच्या घरात असं काही यंत्र असेल, ज्याला 'तू हात लावू नकोस, तेल लागेल' असं कुणी म्हणून ठेवलंय, तर ते घेऊन दुकानात या. तेल साबणाने जातं. बाकडं मोठं आहे, पाना आम्ही देऊ. आता इंची पानेही आहेत.

नमस्कार.